येसू : लढवय्यी चार, वैदू एक

पेणच्या रघूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात नंदाला सगळे डोळेवाली ताई म्हणतात. कारखान्यातली कामाची वाटणी एखाद्या मोठ्या घरातल्या सुनांच्या वाटणीपेक्षा कडक असते. साच्यातून मूर्ती काढणारा कधी रंगाला हात लावत नाही, सांधे घासणारा दागिन्यांच्या खोलीत पाऊल टाकत नाही. सगळ्यांचं झालं की मूर्ती नंदाच्या पाटावर येते. ती डोळे आखते. बुबुळ, पापणी, भुवईची एक ओढ आणि शेवटी पांढरा ठिपका. ठिपका पडेपर्यंत ती मूर्ती म्हणजे माल असतो. कामगार तिच्या मुकुटावरून हात नेऊन एकमेकांना चहाचे पेले देतात. ठिपका पडला की त्या कोपऱ्यातला आवाज आपोआप खाली येतो.

एकोणीस वर्षं नंदा त्या पाटावर आहे. कारखान्यात आली तेव्हा सतरा वर्षांची होती, माती चाळायला आली होती. कासूजवळच्या नदीकाठच्या वाडीतली मुलगी. बाप दामू वीटभट्टीवर जाई, आई येसू दुसऱ्यांच्या शेतात लावणीला आणि कापणीला. नंदा सातवीपर्यंत आश्रमशाळेत शिकली आणि पुढे शाळा लांब पडली. कारखान्यात सहा वर्षं तिने माती चाळली, पाणी भरलं, मूर्ती उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात नेल्या. मग एका वर्षी आखणी करणाऱ्या बाबांना ऐन हंगामात कावीळ झाली. रघूशेठचे वडील तेव्हा होते. त्यांनी फुटक्या मूर्ती ओळीने मांडल्या आणि कारखान्यातल्या प्रत्येकाला एकेक डोळा काढायला लावला. बारा डोळ्यांपैकी एकच त्यांच्याकडे बघत होता. तो नंदाने काढलेला होता.

थोरल्या शेठनी तिला पाटावर बसवलं तेव्हा झिरो नंबरचा ब्रश हातात दिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. डोळ्यांचा ब्रश दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, आणि त्याने बाप्पाच्या डोळ्यांखेरीज काही म्हणजे काही काढायचं नाही. ब्रश काय, महिन्याभरात झिजतो. नवा येतो. पण नियम नव्यालाही लागू असतो, तो झिजत नाही.

तिच्या नवऱ्याचं, प्रदीपचं, डोलवीला कंत्राटी काम आहे. मुलगी किमया पनवेलला होस्टेलवर राहून शिकते. पेणमध्ये दोन खोल्यांचं घर आहे. एवढ्यावर आयुष्याची गोष्ट संपावी अशी एकूण बाई होती. पण दोन वर्षांपूर्वी तनया डॉक्टर कारखान्यात आली.

तनया दातांची डॉक्टर. रोह्याजवळच्या अष्टमी गावात तिचा दवाखाना आहे. वय तेहेतीस, वडील शिक्षक, आजोबा शिक्षक, आणि हिच्या मोबाईलमध्ये तलवारी घेतलेल्या, टोप्या घातलेल्या, दाढ्या वाढवलेल्या माणसांची चित्रं. तिला तशा सहा मूर्ती हव्या होत्या, करंगळीएवढ्या. रघूशेठना वाटलं केकवर लावायला असतील. खेळायला आहेत असं कळल्यावर ते म्हणाले की इथे देव बनतात, खेळणी बाजारात मिळतात. तनया परत निघाली तेव्हा नंदाने तिला गेटपाशी गाठलं आणि विचारलं की घरी बसून केलं तर चालेल का. एवढ्याशा तोंडावर डोळे बसतात का, हे तिला बघायचं होतं.

बसले. एका रविवारी चपलांच्या खोक्यात कापूस घालून ती सहा माणसं घेऊन नंदा रोह्याच्या गाडीत बसली. अष्टमीला दवाखान्याचं शटर अर्धं उघडं होतं. आत पेशंटच्या बाकांच्या मध्ये टेबल ओढलेलं, भिंतीवर किडलेल्या दाढेचं चित्र, आणि टेबलाभोवती शहाणीसुरती माणसं वहीत माना घालून बसलेली. आदेश धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये होता. मृणाली बँकेत. एक जण त्या दिवशी आला नव्हता. तनयाने नंदाला त्याच्या खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि पुढ्यात एक कोरा कागद सरकवला.

खेळ नंदाला पहिल्या तासात कळला. पुढे ती किमयाला समजावून सांगायची तेव्हा असं सांगायची : एक जण गोष्ट सांगतो, म्हणजे तनया. बाकीच्यांचं गोष्टीत एकेक माणूस असतं. तनया म्हणते, समोर नदी आहे, पूल तुटलाय, काय करता? आपण सांगायचं काय करतो. ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर पाण्यात. प्रत्येकाचा एक धंदा असतो, त्याला ते क्लास म्हणतात. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी चोर, कोणी वैदू. गोष्टीत जसजसं निभावत जाल तसतशी त्या धंद्यातली लेव्हल वाढते आणि नवीन काहीतरी करता येऊ लागतं.

नाव काय ठेवणार, असं तनयाने विचारलं तेव्हा नंदाच्या तोंडून आईचं नाव गेलं. धंदा कुठला, तर लढवय्यी. आई आयुष्यात कोणाला उलट बोलली नव्हती. तिच्या हातात एकदा तलवार बघावी असं नंदाला वाटलं.

तेव्हापासून महिन्यातले तीन रविवार नंदा अष्टमीला. प्रदीप त्याला सोंगट्यांची शाळा म्हणतो. सुरुवातीला तो एकदा तिच्याबरोबर बघायला गेला, बाकावर बसला आणि अर्ध्या तासात झोपला. तेव्हापासून त्याची हरकत नाही. रविवारचं जेवण तो करतो, सुकटीची चटणी आणि भात, आणि ती परत आली की विचारतो, "आज कोण मेला?"

यंदाच्या माघात तनयाला राक्षस हवा होता. किल्ल्याच्या दारावर बसणारा, चांगला वीतभर. नंदाने तो शाडूचाच केला, घरी वाळवला, आणि माघी गणपतीची गडबड उरकल्यावर चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत रंगवायला कारखान्यात आणला. डोळ्यांपाशी आली आणि तिच्या घरच्या ब्रशचे केस फाकले. सुट्टी संपायला दहा मिनिटं होती. शेजारी डोळ्यांचा ब्रश धुऊन ठेवलेला होता.

राक्षसाचे डोळे तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले डोळे झाले. रविवारी टेबलावर ठेवल्यावर खेळात चोर असलेल्या मृणालीने त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो बघत असताना मला चोरी करता येत नाही, असं म्हणाली.

पंधरा दिवसांनी नंदाचा हात थरथरू लागला.

थोडासाच. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना कळतही नसे. पण झिरो नंबरचा ब्रश सगळं सांगतो. पापणीची ओढ सरळ निघायची ती आता मध्येच दातरी व्हायला लागली. नंदा डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरून आखायला लागली. सकाळी कोणी यायच्या आत दोन-तीन मूर्ती उरकायच्या, दुपारी डोकं दुखतं सांगायचं. कामाचा वेग निम्म्यावर आला. रघूशेठना वाटलं बाई जास्त मन लावून करते आहे. मग एक दिवस ते नेहमीसारखे छोट्या स्टुलावर मूर्तीसमोर बसले. घरी आरतीला माणूस जिथे उभा राहतो तिथून देवाने त्याच्याकडे बघितलं पाहिजे, ही त्या कारखान्याची परीक्षा. बसले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले.

"हा माझ्याकडं बघत नाय गो," ते म्हणाले. "पंख्याकडं बघतोय."

नंदाने तो डोळा पुसून पुन्हा काढला. त्याला तिला दीड तास लागला.

हे कशामुळे झालं याबद्दल तिच्या मनात जराही शंका नव्हती. राक्षसाला दृष्टी दिली होती, तीही त्या ब्रशने. ज्या हाताने दिली तो हात आता काढून घेतला जात होता. एवढं सरळ गणित असताना डॉक्टरकडे कोण जातं? ती ब्रशला उदबत्ती ओवाळू लागली. मंगळवारचे उपास धरले. घरात कोणाला काही बोलली नाही, कारण बोलायचं तर ब्रशचं सांगावं लागलं असतं. उपासाने वजन उतरत होतं हे तिला बरोबरच वाटलं. ब्लाउज सैल झाले ते तिने टिपा मारून बसवले. छातीत धडधडायचं ते भीतीने. रात्री उकडायचं ते मनाच्या तगमगीने. प्रत्येक गोष्टीला कारण तयार होतं.

पंख्यावरून तर घरात भांडण होऊन गेलं होतं. संक्रांतीच्या दिवशी प्रदीप रात्रपाळी करून सकाळी आला, अंगावर चादर ओढून पडला, आणि हिने पंखा पाचावर केला. बाहेर सगळं पेण स्वेटर घालून तिळगूळ वाटत होतं. तो उठून बंद करी, ही लावी. शेवटी तो चादर घेऊन ओट्याखाली जाऊन झोपला. संध्याकाळी म्हणाला, "वयाचा झाला तुझा. माझ्या आयसलापन असाच व्हायचा." नंदाने त्यावर दोन दिवस अबोला धरला.

तर फाल्गुनातल्या एका रविवारी टेबलावर सगळ्यांची लेव्हल वाढली. येसू चौथ्या लेव्हलची लढवय्यी होती, आता पाचवी. आदेश या दिवसाची वाट बघत होता. पाचव्या लेव्हलला लढवय्याला एका वेळी दोन वार करता येतात, आणि किल्ल्याच्या दारावरचा राक्षस दोन वारांशिवाय पडणार नाही असा त्याचा हिशेब होता. आदेशचा जादूगार होता. जादूगार मागे उभा राहतो आणि पुढच्यांच्या वारांवर जगतो.

नंदाने विचारलं की पाचवी लेव्हल दुसऱ्या धंद्याची घेता येते का.

येते, तनया म्हणाली. याला मल्टिक्लास म्हणतात. दोन्ही धंद्यांना लागणारे गुण माणसात पुरेसे हवेत. येसूकडे ताकद सोळा आणि शहाणपण तेरा, म्हणजे काठावर बसतं. पण एकदा घेतली की परत करता येत नाही. आणि नव्या धंद्यात तुम्ही पहिलीच्या वर्गात. दोन वार मिळणार नाहीत, ते पुढच्या वेळी, तेही लढवय्यीची पाचवी घेतलीत तर.

"आणि जुनं जातं?"

"जुनं कुठे जाणार? चार चारच राहतात."

मग वैदू, नंदा म्हणाली.

आदेशने पुस्तक उघडून तिला तक्ता दाखवला. चार आणि एक मिळून पाच होत नाहीत, हे तो तीन तऱ्हांनी सांगत राहिला. अर्धवट लढवय्या आणि अर्धवट वैदू म्हणजे दोन्हीकडून नापास. मृणालीने त्याला गप्प राहायला सांगितलं, त्यावर तो तिलाही बोलला. नंदा ऐकून घेत होती. तिला त्याचं पटत होतं. तरी तिने कागदावर लढवय्यी चारच्या पुढे स्वतःच्या हाताने वैदू एक असं लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"येसूचा हात गेला," ती म्हणाली, "तर तिच्याकडं काहीतरी पायजे ना, आदेश."

आदेशला वाटलं ती खेळातलंच बोलते आहे. तो म्हणाला हात जात नाही, हिट पॉइंट जातात, म्हणजे अंगातल्या जिवाचे आकडे.

दुसऱ्याच दिवशी नंदा रघूशेठकडे गेली आणि मला मातीकाम शिकायचंय म्हणाली. साच्यासाठी जी मूळ मूर्ती मातीत घडवतात ते काम. तिथे अंगठ्याचा जोर लागतो. बारीक थरथर मातीत मुरून जाते, असं तिने मनाशी ताडून पाहिलं होतं. शेठ आधी हसले. मग म्हणाले की डोळ्यांवर बसलेली बाई चिखलात कशाला उतरते, लोक म्हणतील काढून टाकलं. नंदा म्हणाली की दुपारचं डोकं दुखतं, बारीक बघवत नाही. हे खोटं होतं, पण चाळिशीच्या बाईचं डोकं दुखतं यावर कोणीही पटकन विश्वास ठेवतं.

मातीकाम रोशनकडे होतं. तीस वर्षांचा. कारखान्यात आला तेव्हा त्याने दोन हंगाम नंदासाठी रंग घोटले होते. आता नंदाताई म्हणून तिला पाणी विचारायचा आणि तिने केलेला पाय बघून न बोलता मोडून टाकायचा. पहिल्या आठवड्यात त्याने तिचे अकरा पाय मोडले. ती घरी येऊन अंगठे गरम पाण्यात घालून बसे. प्रदीपने विचारलं, "तुला खालच्या कामाला टाकलाय काय?" ती म्हणाली, मी मागून घेतलंय. त्याला ते समजलं नाही. तिलाही समजावता आलं नाही, आणि तो विषय तसाच राहिला.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ती येसूची छोटी मूर्ती बरोबर घेऊन गेली. येसू वैदू झाली, तेव्हा तिच्या कमरेला औषधांची पिशवी हवी होती. पिशवी नंदाने मातीची करून चिकटवली होती, रंगवायची राहिली होती. तिने रंग आणि ब्रश मृणालीपुढे ठेवले आणि तू जरा लाव, म्हणाली.

मृणालीने आनंदाने घेतले. तनयाने मात्र बोलता बोलता वर बघितलं. दोन वर्षांत नंदाने कोणाला त्या मूर्तींना ओलं बोटही लावू दिलं नव्हतं. तनयाने आदेशला आणि मृणालीला समोरून वडापाव आणायला पाठवलं. एका माणसाचं काम होतं, पण दोघंही गेले.

"हात पुढे करा, नंदाताई. दोन्ही. बोटं पसरून."

नंदाने केले. तनयाने टेबलावरचा येसूचा कागद उचलला आणि तिच्या पसरलेल्या बोटांवर अलगद ठेवला. कागदाचा कोपरा फडफडायला लागला. दवाखान्यातला पंखा बंद होता.

तनयाने कागद काढून घेतला, तिचा गळा बोटांनी चाचपला, मनगट धरून घड्याळ बघितलं. वजन किती उतरलं विचारलं. सहा किलो, नंदा म्हणाली, पण ते उपासाने. मी दातांची डॉक्टर आहे, तनया म्हणाली, तरी एवढं मला दिसतं. उद्या सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, चिठ्ठी मी देते.

"डॉक्टर, हे रक्ताचं नाय."

"मग कशाचं आहे?"

"ब्रशचं."

आणि दोन महिन्यांनी पहिल्यांदा तिने ते तोंडाने सांगितलं. थोरल्या शेठचे दोन नियम, फाकलेले केस, दहा मिनिटं, राक्षस. सांगताना ती भिंतीवरच्या दाढेकडे बघत होती. तनया हसली असती तर नंदा पुन्हा त्या दवाखान्यात आली नसती, हे तिने नंतर सांगितलं. तनया हसली नाही. तिने तारखा विचारायला सुरुवात केली. राक्षसाचे डोळे कधी काढले? माघी गणपती झाल्यावर चौथ्या दिवशी. बरं. आणि थंडीत उकडायला कधी लागलं?

नंदा सांगायला गेली आणि थांबली. प्रदीप चादर घेऊन ओट्याखाली गेला होता. घरात तिळगूळ होता.

"संक्रांतीला," ती म्हणाली.

"संक्रांत आधी की माघी गणपती?"

"संक्रांत."

"म्हणजे पंखा आधी लागला. राक्षस नंतर आला."

नंदाने बोटांवर दिवस मोजून पाहिले. मग म्हणाली, देवाला आधीच कळलं असेल मी काय करणार ते.

"मग त्याने आधीच एक बरा ब्रश द्यायचा ना," तनया म्हणाली. "रक्त द्या. रिपोर्टमध्ये राक्षस निघाला तर मी स्वतः तुमच्याबरोबर देवळात येईन."

सोमवारी पेणला रक्त दिलं. रिपोर्ट संध्याकाळी यायचा होता. नंदा दिवसभर मातीतच बसली. डोळ्यांच्या पाटाकडे गेली नाही. त्या दिवशी तिला नेमकं काय हवं होतं हे सांगणं तिला आजही जमत नाही. आजार निघावा असं कोणी मागत नाही. पण रिपोर्टमध्ये काही निघालं नाही, तर मग ते ब्रशचंच. मग तो पाट गेला, आणि त्यावर कुठल्या डॉक्टरकडे गोळी नाही.

सहा वाजता तनयाचा फोन आला. नंदाचे दोन्ही हात चिखलाने भरलेले. रोशनने फोन उचलून तिच्या कानाला धरला.

"थायरॉईड आहे," तनया म्हणाली. "भलतंच जास्त काम करतंय. गळ्यातली एवढीशी ग्रंथी, तिनेच सगळं केलंय. हात, धडधड, वजन, पंखा. गोळ्यांनी बरा होतो हात. ऐकू येतंय का, नंदाताई? हात बरा होतो."

नंदा हो म्हणाली. मग तिने पुन्हा सांगायला लावलं. मग तिसऱ्यांदा. रोशनचा हात अवघडला, त्याने फोन दुसऱ्या हातात घेऊन दुसऱ्या कानाला लावला. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात नव्हते, तेव्हा तिने ते रोशनच्याच शर्टाच्या बाहीला पुसलं. रोशनला वाटलं कोणी गेलं. काय झालं विचारलं तर ही म्हणते, "मना आजार हाय," आणि हसते. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून वाडीतली बोली त्याने पहिल्यांदाच ऐकली.

घरी प्रदीपला तिने सगळं सांगितलं, ब्रशसकट. तो म्हणाला, "म्हणजे वयाचा नव्हता ते." मग उठून त्याने पंखा लावला आणि चादर घेतली.

रोह्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. धडधड आठवड्यातच कमी झाली. हाताला वेळ लागला. नंदा रोज सकाळी उठून बोटांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून बघायची. वैशाखात एक दिवस कागद हलला नाही. तिला वाटलं आपण नीट बघितलं नाही. तिने प्रदीपला उठवून बघायला लावलं. तो चष्मा लावून खाली वाकला आणि कागदावरची बातमी वाचायला लागला, इतका तो स्थिर होता.

त्या दिवशी ती मनगट न धरता पाटावर बसली. दीड फुटी मूर्ती होती. बुबुळ, पापणी, भुवई. भुवईची ओढ एका श्वासात काढायची असते, ती एका श्वासात निघाली. ठिपका दिला. रघूशेठ स्टूल घेऊन आले, बसले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, आणि मग तिथेच बसून राहिले. उठताना एवढंच म्हणाले की आता ते मातीचं खूळ पुरे झालं, हंगाम तोंडावर आलाय, पूर्ण दिवस वर बस.

नंदा सोमवारी सांगते म्हणाली. कारण त्या दिवशी शनिवार होता, आणि हे बोलायला तिला रविवार मधे हवा होता.

रविवारी अष्टमीला तिने हात सगळ्यांपुढे पसरून दाखवला. मृणालीने टाळ्या वाजवल्या. तनयाने त्यांच्या खेळाच्या इतिहासात न घडलेली गोष्ट केली. नियमात बसत नाही, ती म्हणाली, पण नंदाताईंनी ती लेव्हल भीतीपोटी घेतली होती. आजारपणात केलेली सही धरू नये. हवं असेल तर वैदू एक खोडा आणि लढवय्यी पाच लिहा, दोन वार आजपासून तुमचे.

"अजिबात नाही," आदेश म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. गेल्या दोन महिन्यांत राक्षसाच्या दारावर त्याचा जादूगार तीनदा आडवा झाला होता आणि तिन्ही वेळा येसूने एका हाताने ढाल धरून दुसऱ्या हाताने त्याला उठवलं होतं. दारातून मागे वळायची पाळी आली नव्हती. आदेश कान लाल करून म्हणाला की तक्त्याप्रमाणे त्याचं म्हणणं अजूनही बरोबरच आहे, फक्त तक्त्यात तो मेलेला धरलेला नाही. मृणाली इतकी हसली की बाकावरून खाली बसली.

तनयाने नंदाकडे बघितलं. निर्णय तिचाच होता.

"राहू द्या," नंदा म्हणाली. "भीतीने घेतलं ते खरं. पण आता त्यात हात बसलाय."

सोमवारी तिने रघूशेठना सांगितलं की सकाळी जेवणापर्यंत डोळे, जेवणानंतर माती. शेठनी कपाळाला आठ्या घातल्या. असं आजवर कोणी केलेलं नाही, एका माणसाचा एक पाट, वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय. नंदा म्हणाली की सकाळी हात ताजा असतो तोवर मी पूर्वी दिवसात करायचे तेवढे डोळे देते, मोजून घ्या. दुपारनंतरच्या आखणीत तसंही नजर चुकलेली सापडते आणि तुम्ही स्टुलावरून तीनदा उठता. हे खरं होतं. शेठ म्हणाले, हंगामापुरतं बघू. त्यांच्या तोंडी बघू म्हणजे हो, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत आहे.

दुपारी ती पदर खोचून खाली रोशनच्या शेजारी बसली. त्याने तिला नवीन काम दिलं, पायांशी बसणारा उंदीर. तो तिने तासाभरात केला, शेपटीसकट, आणि त्याच्यापुढे ठेवला. रोशनने तो फिरवून फिरवून बघितला.

"कान जाड झाले, ताई," तो म्हणाला आणि दोन्ही कान चिमटीने उपटून तिच्या हातात दिले.

नंदाने ते मळून पुन्हा गोळ्यात मिसळले आणि पहिल्या कानाला हात घातला.